पॅच काढणे (सोलारिस)

पॅच काढणे : सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चढवलेली दुरुस्ती (पॅच) उतरवून बदललेल्या फायली आधीच्या आवृत्तीवर आणण्याची क्रिया. पॅचनंतर एखादा ड्रायव्हर चालेनासा झाला किंवा डेटाबेसच्या विक्रेत्याला ती पातळी मान्य नसली की ही वेळ येते. येथे मुख्यतः सन मायक्रोसिस्टिम्सच्या (२०१० पासून ओरॅकलच्या) सोलारिस प्रणालीतील पद्धत दिली आहे.

उगम : या पद्धतीचा उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये प्रसृत केलेला ‘पॅच’ हा प्रोग्राम उलट दिशेनेही चालवता येतो. पण त्याचे काम सोर्स कोडच्या मजकुरापुरते आहे. चालत्या यंत्रावर बसवलेल्या तयार फायलींचा हिशेब ठेवणे ही निराळी गोष्ट असून तिचे पूर्वरूप आयबीएम मेनफ्रेमवरील एसएमपी ही दुरुस्त्यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली व तिची सुधारित आवृत्ती एसएमपी/ई यांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे दुरुस्ती आधी ‘अप्लाय’ आणि खात्री पटल्यावर ‘अ‍ॅक्सेप्ट’ करतात. ‘रिस्टोअर’ला (दुरुस्ती मागे घेण्याला) वाव असतो तो या दोहोंच्या मधल्या काळात. आयबीएमच्याच एआयएक्स या युनिक्स प्रणालीतील अप्लाय (लावणे), कमिट (कायम करणे) व रिजेक्ट (नाकारणे) ही त्रयी या रचनेशी इतकी जुळते की साम्य योगायोगाचे नसावे. सोलारिसने कमिटची वेगळी पायरी ठेवली नाही. त्यामुळे पॅच पुढे काढता येईल की नाही, हे तो लावतानाच ठरते.

कार्यपद्धती : सोलारिस २.६ (१९९७) पासून पॅचअ‍ॅड व पॅचआरएम या आज्ञा आल्या. त्याआधी प्रत्येक पॅचसोबत इन्स्टॉलपॅच व बॅकआउटपॅच या स्क्रिप्ट मिळत. पॅचचा क्रमांक सहा अंकी मूळ संख्या आणि दोन अंकी सुधारणा असा असतो, उदा., स्पार्क प्रोसेसरच्या यंत्रांवरील सोलारिस १० चा कर्नेल (प्रणालीचा गाभा) पॅच ११८८३३-३६. पॅचअ‍ॅड जुन्या फायली आकुंचित करून व्हार/सॅडम/पीकेजी या डिरेक्टरीखाली त्या त्या पॅकेजच्या ‘सेव्ह’ डिरेक्टरीत ठेवते आणि पॅचआरएम तेथूनच त्या परत बसवते. ‘-डी’ पर्याय देऊन लावलेल्या पॅचचा असा साठा होत नाही; तो पॅच काढता येत नाही. व्हार भरत आल्यावर जागेसाठी हाच साठा पुसून टाकण्याची खोड काही ठिकाणी दिसते. परिणाम तोच. जागा कमी असेल तर ‘-बी’ पर्यायाने साठा दुसरीकडे ठेवावा. काढताना हा पर्याय द्यावा लागतो तो साठा नंतर आणखी कोठे हलवला असेल तरच.

दुसरा पॅच ज्यावर अवलंबून आहे किंवा ज्याची जागा नंतरच्या पॅचने घेतली आहे, असा पॅच काढण्यास पॅचआरएम नकार देते. म्हणून शोरेव्ह -पी या आज्ञेने यादी घेऊन, लावल्याच्या उलट क्रमाने पॅच उतरवतात. ‘-एफ’ पर्याय यांपैकी दुसरी अडचण (नंतरच्या पॅचने जागा घेतल्याची) बाजूला सारतो, पण त्याने वेगवेगळ्या पातळ्यांच्या फायली एकत्र नांदू लागतात. त्याचा वापर टाळणेच इष्ट. कर्नेल पॅच सिंगल-यूजर अवस्थेत काढून यंत्र रीबूट करतात. सोलारिस १० मध्ये झोन (एकाच यंत्रातील स्वतंत्र आभासी विभाग) असतील तर ग्लोबल (मुख्य) झोनमधून दिलेली आज्ञा इतर झोनपर्यंतही पोचते. आधी पूर्ण बॅकअप आणि पॅचसोबतच्या रीडमी फायलीचे वाचन हे गृहीतच आहे.

मर्यादा : पॅचआरएम फायली परत आणते, यंत्राची अवस्था नव्हे. फ्लॅश केलेले फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच साठवलेला प्रोग्राम) तिच्या आवाक्याबाहेर राहते. नव्या पॅचने झेडएफएस या फाइल प्रणालीची वरची आवृत्ती उपलब्ध झाली आणि कोणी झेडपूल अपग्रेड ही आज्ञा चालवून डिस्कांचा साठा (पूल) त्या आवृत्तीवर नेला, तर जुन्या कर्नेलला तो पूल उघडता येत नाही. पूल जुन्या आवृत्तीवर उतरवण्याची सोय नाही.

पर्यायी मार्ग : पॅच लावण्यापूर्वी डिस्कच्या आरशाची (मिरर, म्हणजे दोन डिस्कांवरील एकसारख्या प्रती) एक बाजू मेटाडिटॅच या आज्ञेने सोडवून जपणे हा जुना मार्ग होय. लाइव्ह अपग्रेड या सोयीत एलयूक्रिएटने बूट एन्व्हायर्न्मेंटची (यंत्र ज्यावरून सुरू होते त्या संपूर्ण प्रणालीची) प्रत करून पॅच त्या प्रतीवर लावतात. काही बिघडले तर एलयूअ‍ॅक्टिव्हेटने जुनीकडे परततात. या वेळी इनिट ६ किंवा शटडाउनच वापरावे. रीबूट वा हॉल्ट या आज्ञांनी बदल पूर्ण होत नाही. कर्नेलसारख्या मोठ्या पॅचसाठी फायलीगणिक उलटण्यापेक्षा हाच मार्ग भरवशाचा मानावा. सोलारिस ११ (२०११) मध्ये पॅचअ‍ॅड-पॅचआरएम राहिल्याच नाहीत. आयपीएस पॅकेज प्रणाली आणि झेडएफएसवरील बूट एन्व्हायर्न्मेंट आल्या व मागे जाणे बीअ‍ॅडम अ‍ॅक्टिव्हेट या आज्ञेवर आले.

इतर प्रणाली : विंडोजमध्ये वुसा किंवा डिझम वापरतात, डिझमचा रीसेटबेस पर्याय चालवल्यावर तोवरचे अपडेट काढता येत नाहीत. एचपी-यूएक्समध्ये एसडब्ल्यूरिमूव्ह ही आज्ञा आहे. रेड हॅटमध्ये यम हिस्टरी अनडू, तर स्यूझेमध्ये बीटीआरएफएस फाइल प्रणालीवरील स्नॅपर.