हात चुकला की समज चुकली?

व्हॉट्सअ‍ॅपवर भलत्याच ग्रुपात मेसेज पडतो, आपण घाईघाईत उडवायला जातो आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ऐवजी ‘डिलीट फॉर मी’ दाबतो, झालं, आता तो आपल्यालाच दिसत नाही आणि बाकी अख्खा ग्रुप वाचतोय. हा हात चुकला. करायचं काय ते डोक्यात पक्कं होतं, बोट भलतीकडे गेलं.

समज चुकणं वेगळं. आमच्या काकांना वाटलं फोनमधून फोटो उडवला तरी क्लाउडवर राहतोच, म्हणून जागा करायला त्यांनी चहा पीत, एकेक बघत, शेकडो फोटो डिलीट केले. हात एकदाही चुकला नाही हो, पण फोटो क्लाउडवरूनही गेले!

मानसशास्त्रात पहिल्याला स्लिप म्हणतात, दुसऱ्याला मिस्टेक. डॉन नॉर्मन आणि जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञांनी ही फोड नीट मांडली, पण आपल्याकडे अजून दोन्हीला ‘यूजरची चूक’ म्हणतात आणि दोन्हीवर एकच औषध, ‘आर यू शुअर?’ची पाटी. हात चुकण्यावर ती फुकट आहे, कारण शंभरदा बघून झाल्यावर बोट ओके आपोआप दाबतं. काकांनाही ती अडवणार नाही, ते शुअरच होते ना. हात चुकला की ‘अरे देवा’ लगेच निघतं, म्हणून तिथे अनडू लागतो, जीमेलमध्ये पाठवलेली मेल परत घ्यायला ३० सेकंदांपर्यंत मिळतो, व्हॉट्सअ‍ॅपनेही ‘डिलीट फॉर मी’साठी ५ सेकंदांचा दिलाय. काकांचं ‘अरे देवा’ दोन महिन्यांनी निघालं. त्यांच्यासाठी बटणावरच ‘क्लाउडवरूनही जाईल’ असं लिहायला हवं होतं.

कधीकधी एकातून दुसरी होते आणि ते फार वाईट. २० जानेवारी १९९२ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ एअर इंटर या कंपनीचं ए३२० विमान डोंगरावर आदळलं, ८७ जण गेले. उतरायचा कोन आणि उतरायचा वेग दोन्ही एकाच नॉबवर, मोड कुठला लावलाय त्यावर अर्थ बदलायचा. हवा होता उणे ३.३ अंश आणि लागला बहुतेक मिनिटाला ३३०० फूट, असा चौकशीचा अंदाज, त्यात डिस्प्लेवर ३३०० चं नुसतं ३३ दिसायचं. मोड बदलायचा राहून गेला असेल तर ती हाताची चूक, पण पुढे ‘आपण बरोबर उतरतोय’ ही समज घट्ट बसली आणि ती मोडेल असं समोर ठळक काहीच नव्हतं. नंतर विमान बनवणाऱ्या एअरबसने डिस्प्ले बदलला, वेग पूर्ण चार आकड्यांत दिसायला लागला.