लिफ्ट किट बसवण्याआधी आरटीओचे कागद: अर्ज, पात्रता आणि अडणाऱ्या जागा

लिफ्ट किट म्हणजे सस्पेन्शनमध्ये (स्प्रिंग-शॉकरमध्ये) बदल करून गाडीची उंची वाढवणारे भाग. ते बसवून थार, जिमनी, गुरखा किंवा एखादी जुनी जीप उंच करून घेतलेल्यांची गाऱ्हाणी साधारण एकाच क्रमाने येतात. आधी किट बसतं, फोटो टाकले जातात. मग कुठेतरी गाडी अडवली जाते, नाहीतर अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर स्प्रिंगकडे बोट दाखवतो. त्यानंतर प्रश्न येतो, "आता आरसीवर नोंद करून घेता येईल का?" बहुतेकांना तेव्हा नकारच मिळतो. म्हणून दोन इंच की तीन, स्पेसर (मूळ स्प्रिंगवर घालायची जाड चकती) की पूर्ण स्प्रिंग-शॉकर हा वाद नंतर घाला. किट निवडताना पहिला प्रश्न विक्रेत्याला विचारायचा तो कागदाचा.

कायद्याची अडचण

मोटार वाहन अधिनियम १९८८ मधलं कलम ५२ या सगळ्याच्या मुळाशी आहे. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही, असं ते सांगतं. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनबदलाच्या किटना अटी घालून वाट ठेवली आहे. सस्पेन्शनसाठी अशी वेगळी वाट नाही.

यावर ठरलेला युक्तिवाद असा: "आरसीवर व्हीलबेस आहे, वजन आहे, रंग आहे, पण ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची) छापलेलाच नाही. मग मी बदललं काय?" शिवाय त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, गाडीचं मूलभूत वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला फेरफार म्हणजेच बदल, असं म्हटलंय. स्प्रिंग बदलल्याने मूलभूत वैशिष्ट्य बदलतं का? युक्तिवाद टाकाऊ नाही, पण तो वकिलाने न्यायालयात करायचा आहे. खिडकीपाशी किंवा रस्त्यावर इन्स्पेक्टरसमोर तो चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धक्का लावणारा बदल करता येणार नाही असा निकाल दिला. त्यानंतर संशयाचा फायदा अर्जदाराला देणारा अधिकारी विरळाच.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आजच्या रूपात आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. लिफ्ट, रुंद टायर आणि बुलबार (बंपरपुढचा लोखंडी दांडा) यांची एक पावती फाडून सुटका होईल असं गृहीत धरू नका. बुलबारवर तर केंद्रीय मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना कारवाईचं पत्र धाडलं होतं, आणि तेही याच कलम ५२ च्या आधारे.

१४ दिवसांचा घोळ

सर्वाधिक अर्ज इथे फसतात. कलम ५२ च्या तिसऱ्या पोटकलमात, मंजुरीशिवाय बदल झाला असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करावी, असं म्हटलंय. कुणीतरी तेवढीच ओळ वाचतो आणि गटभर पसरवतो: आधी बसवा, १४ दिवसांत कळवा, नोंद होऊन जाईल.

होत नाही. १४ दिवस ही कळवण्याची मुदत आहे, माफीची नव्हे. जो बदल पहिल्या पोटकलमानेच निषिद्ध आहे, तो कळवला म्हणून कायदेशीर ठरत नाही. उलट तो केल्याची कबुली तुमच्याच सहीने फाइलला लागते. एजंट "होऊन जाईल साहेब" म्हणाला तर काय होऊन जाईल ते कागदावर लिहून मागा. तिथेच बोलणं संपतं.

जो कागद कुणाकडेच नसतो

नवी गाडी नोंदवताना डीलरने फॉर्म २० आणि २१ बरोबर फॉर्म २२ दिलेला असतो. ही गाडी सुरक्षा आणि प्रदूषणाचे नियम पाळते आणि रस्त्यावर चालवण्यालायक आहे, असं त्यात उत्पादकाने प्रमाणित केलेलं असतं. ते प्रमाणपत्र कारखान्यातून निघालेल्या स्प्रिंग, शॉकर आणि उंचीसह तपासलेल्या नमुन्याच्या जोरावर मिळतं. तुम्ही उंची बदलली की अधिकारी विचारतो, या नव्या उंचीची हमी कोणाची?

उत्तरादाखल दोनच कागद चालण्यासारखे आहेत. एक, गाडीच्या कंपनीचं तुमच्या मॉडेलसाठी हे किट चालतं असं पत्र. दोन, एआरएआय (पुणे), आयकॅट (मानेसर) यांसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचा, किट आणि मॉडेल या जोडीचा अहवाल. कंपन्या असं पत्र सहसा देत नाहीत. त्यांनी का द्यावं? आणि चाचणी एका गाडीच्या हौसेखातर परवडत नाही. विक्रेते दाखवतात ते आयएसओ प्रमाणपत्र, परदेशातल्या मान्यतेची छापील प्रत, नाहीतर 'बोल्ट-ऑन, आरटीओ सेफ' असं लिहिलेली चकचकीत पुस्तिका. आयएसओ कारखान्याच्या कारभाराबद्दल बोलतं, तुमच्या गाडीबद्दल नाही. ऑस्ट्रेलियातली मान्यता ऑस्ट्रेलियात. 'आरटीओ सेफ' म्हणून आरटीओ कुठलाही शिक्का देत नाही.

मग अर्ज करावा कुणी?

वरच्या दोनपैकी एक कागद हातात असेल त्याने. किंवा ज्याचं सस्पेन्शन कंपनीच्याच अधिकृत अ‍ॅक्सेसरी यादीतून, अधिकृत डीलरच्या बिलावर बसतंय त्याने; पण तिथेही पार्ट नंबर आणि मॉडेल लिहिलेलं डीलरचं पत्र घ्या, नुसत्या बिलावर विसंबू नका. बाकीच्यांनी फी भरण्याआधी थांबावं.

स्पर्धेसाठी गाडी उभी करणाऱ्यांचं गणित वेगळं. नोंदणीचा नियम सार्वजनिक जागी गाडी चालवण्याला लागतो. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत उतरणाऱ्या गाड्या म्हणूनच ट्रेलरवरून येतात. हा खर्च ज्याला नको वाटतो, त्याची गाडी रोजच्या वापराची आहे आणि तिला रोजच्या वापराचेच नियम लागणार. साध्या खासगी विम्यातून संघटित शर्यती आणि चाचणी-स्पर्धा वगळलेल्या असतात, हेही ध्यानात असू द्या.

अर्ज आणि कागद

परिवहनच्या वाहन पोर्टलवर गाडी क्रमांक आणि चेसिसचे शेवटचे पाच अंक टाकून 'अल्टरेशन ऑफ व्हेईकल' निवडा, ओटीपी, फी, अपॉइंटमेंट, मग इन्स्पेक्टरकडून गाडीची तपासणी. इथे कुणी अडत नाही.

सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, किटचं जीएसटी बिल आणि वर सांगितलेला तो एक कागद. अडलेल्यांचे फोन येतात ते किरकोळ गोष्टींमुळे. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर दहा वर्षांपूर्वीचा असतो आणि ओटीपी भलत्याकडेच जातो. जुनी ई-चलनं थकलेली असतात. विमा काढलेला असतो पण पोर्टलवर दिसत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) नसेल तर महाराष्ट्रात बाकीची कामंही अडतात. कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी. हप्ते वेळेवर जातात म्हणून ती गृहीत धरता येत नाही. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. क्लेमच्या वेळी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

किट निवडताना

कागद असला तरी इन्स्पेक्टर गाडीखाली वाकून पाहतो, आणि पाहायलाच हवं. कमी उंचीचं, इकडचे-तिकडचे भाग न जोडलेलं, पूर्ण स्प्रिंग आणि त्याच मापाच्या शॉकरचं किट त्याला पटवणं सोपं. मूळ शॉकर ठेवून वर नुसते स्पेसर घातले की शॉकर पूर्ण ताणून आपटतो. लेथवर कातलेले, शिक्का-नंबर नसलेले स्पेसर तर कुणाच्याच नावावर नसतात.

जिमनीला पुढे-मागे दोन्हीकडे डावं-उजवं चाक एकाच दांड्याने जोडणारे अखंड अ‍ॅक्सल आहेत. तिला उचललं की अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या धुरीचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग थरथरतं. ते दुरुस्त करणारे भाग किटमध्ये नसतील तर किट अर्धवट आहे. २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होणारं) आहे, तिथे जास्त उचललं की ड्राइव्हशाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरत लवकर जातात. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जाताहेत का आणि हेडलाइटचा झोत वर गेलाय का, हेही पाहिलं जातं.

एक गोष्ट मात्र विक्रेते सांगत नाहीत. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत स्प्रिंगने बॉडी वर जाते, डिफरेन्शियल (मधला गिअरचा गोळा) जिथल्या तिथे राहतं. दगडावर घासतं ते डिफरेन्शियल, आणि ते वर उचलतो फक्त टायर. थारला २२६ आणि जिमनीला २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स कारखान्यातूनच मिळालाय. मुळशी-लोणावळ्याकडच्या कच्च्या वाटांना तेवढा पुरतो, असं माझं मत. रविवारच्या चिखलासाठी आरसी पणाला लावण्यात शहाणपण नाही.

जुन्या जीपवाल्यांसाठी

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदत संपण्याआधी ६० दिवसांत भरता येतो, आणि तेव्हा गाडी पुन्हा तपासणीला न्यावी लागते. उचललेल्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जीप इथे हमखास अडकतात, आणि मूळ पाटे गॅरेजवाल्याने भंगारात घातलेले असतात. मूळ स्प्रिंग, पाटे, शॉकर कधीही टाकू नका. जुनी उचललेली गाडी विकत घेत असाल तर व्यवहारातच ते मागून घ्या.

अर्ज नाकारला तर तोंडी नकार घेऊन परत फिरू नका. लेखी आदेश मागा. कलम ५७ खाली अपील करता येतं, आणि त्याचे ३० दिवस आदेशाची सूचना तुम्हाला मिळाल्या तारखेपासून मोजतात. पोर्टलवर नुसतं 'रिजेक्टेड' दिसत असेल तर त्याच दिवशी कारण मागणारं पत्र आवक विभागात देऊन पोच घ्या.