फुलाला लाइट कुठून द्यायचा?

घरातल्या घरात फुलांचे फोटो काढायचे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती वॉटचा लाइट घेऊ? खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला तरी चालेल, कारण फूल काही पळून जात नाही, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, पंखा बंद करा आणि शटर सरळ एक सेकंद उघडं ठेवा, झालं. बघायचं ते हे, की फुलाच्या जागेवरून लाइट केवढा मोठा दिसतो. छोटा दिसला की सावलीची कड धारदार येते, मोठा दिसला की ती हळूहळू विरत जाते. म्हणून उघड्या बल्बसमोर, फुलाच्या अगदी जवळ, बटर पेपर नाहीतर पातळ पांढरं कापड ताणायचं आणि बल्ब त्याच्या बराच मागे ठेवायचा, म्हणजे सगळा कागद उजळतो आणि तापत पण नाही. आता तो कागदच तुमचा लाइट!

लाइट जवळ आणल्याने अजून एक गंमत होते. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे फूल लाइटपासून 50 सेंटीमीटरवर आणि मागची भिंत 1 मीटरवर असेल तर भिंतीवर फुलाच्या फक्त 25 टक्के उजेड पडतो. तोच लाइट 2 मीटर लांब नेला तर भिंत 2.5 मीटरवर जाते आणि तिला 64 टक्के मिळतो. म्हणजे लाइट जवळ असला की काळा पडदा न लावताच बॅकग्राउंड गडद! (मोठ्या कागदाला हे गणित तंतोतंत लागू होत नाही, पण कल तोच.) मात्र पसरट पुष्परचना असेल तर हेच अंगाशी येतं, लाइटकडची फुलं भगभगीत आणि पलीकडची मलूल, तेव्हा लाइट थोडा मागे घ्या.

आता पाकळी. पांढऱ्या फुलात बहुतेक वेळा पांढरं रंगद्रव्य नसतंच, पेशींच्या मधल्या हवेच्या पोकळ्यांवरून उजेड सगळीकडे विखुरतो म्हणून ते पांढरं दिसतं, अगदी फेसासारखं. शिवाय कितीतरी फुलांच्या पाकळ्यांवरच्या पेशी शंकूच्या आकाराच्या असतात, मखमली पोत येतो तो त्यांच्यामुळे. समोरून फ्लॅश मारला की या सगळ्याची वाट लागते. लाइट मागून तिरका द्या, पाकळी आतून उजळते, शिरा दिसतात, आणि पुढची बाजू अंधारली तर कॅमेऱ्याच्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा उभा करा. माझ्या मते दुसरा लाइट विकत घेण्यापेक्षा हा तुकडा बरा.

लाल फुलं मात्र छळतात. कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळे नोंदवतो, त्यातला लाल चॅनेल भरून वाहतो आणि कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर म्हणतो सगळं ठीक, कारण तो एकूण उजेड मोजतो. मग पाकळ्यांच्या जागी नुसता लाल ठिपका. म्हणून कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम (तिन्ही रंगांचा वेगवेगळा आलेख) लावून लालची रेघ उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते बघा, चिकटत असेल तर एक्स्पोजर कमी करा, रॉ मध्ये (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. आणि एलईडीच्या खोक्यावरच्या सीआरआयवर (लाइटखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) जाऊ नका, तो आकडा 8 फिकट रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरतच नाहीत, त्याचा आकडा आर9 म्हणून वेगळा छापतात. तो कुठेच दिसला नाही तर लाल फुलं खिडकीपाशी न्या, तिथेही कागद लावा, फक्त खोलीतले दिवे बंद करून, नाहीतर दोन रंगांचे उजेड मिसळतात आणि मग कुठलाच व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात करायची रंगाची जुळणी) धड बसत नाही.