शहरी आरोग्य डेटा सगळ्यांसाठी खुला ठेवणं

शहरातल्या कुठल्या भागात दम्याचे पेशंट जास्त, कुठे लसीकरण मागे पडलंय, कुठे माणसं लवकर जातात, हे आकडे बहुतेक वेळा सरकारी पैशातून गोळा होतात, आणि ते कुणालाही परवानगी न मागता बघता यावेत, आज आहेत तसे दहा वर्षांनीही सापडावेत, यासाठी करावी लागणारी सगळी खटपट या विषयात येते. ऐकायला कारकुनी काम वाटतं खरं.

प्रकार तसा जुनाच. लंडनमध्ये १७व्या शतकात दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या छापून विकल्या जायच्या, त्या साठून राहिल्या म्हणून जॉन ग्राँट नावाच्या व्यापाऱ्याला १६६२ मध्ये त्यावरून पुस्तक काढता आलं. पुढे लंडनमधल्याच १८५४ च्या कॉलऱ्यात जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने साथीचं मूळ म्हणून ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप पकडला, त्याचा मृत्यूंचा नकाशा सगळ्यांना माहितीये, पण मेलेल्यांची यादी त्याला सरकारी नोंदणी कार्यालयाने बघू दिली होती हे फारसं कुणी सांगत नाही. यादी मिळाली नसती तर नकाशा कशावर काढला असता?

शहराच्या डेटात खरी किंमत असते ती बारीक भागांच्या आकड्यांना, कारण अख्ख्या शहराची सरासरी काढली की श्रीमंत आणि गरीब वस्ती एकमेकींत मिसळून जातात. अमेरिकेत सीडीसीने, म्हणजे रोगनियंत्रणाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मध्ये रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशन या आरोग्यासाठी पैसा देणाऱ्या संस्थेसोबत '५०० सिटीज' नावाचा प्रोजेक्ट आणला, मोठ्या ५०० शहरांचे आकडे जनगणनेच्या छोट्या भागांपर्यंत, आणि २०२० मध्ये तोच 'प्लेसेस' नावाने देशभर नेला. (हे आकडे घरोघरी जाऊन मोजलेले नाहीत बरं का, फोन सर्व्हेवरून मॉडेल लावून काढलेले अंदाज आहेत. वापरणारे हे सर्रास विसरतात.)

डेटा गायब होतो म्हणजे काय ते २०२५ मध्ये दिसलं. ३१ जानेवारीच्या सुमारास सरकारी आदेशामुळे सीडीसीच्या साइटवरची बरीच पानं उतरवली गेली, त्यात किशोरवयीन मुलांच्या आरोग्याचा सर्व्हे आणि कुठली वस्ती संकटात जास्त कोलमडेल ते दाखवणारा सोशल व्हल्नरेबिलिटी इंडेक्सही होता, मग डॉक्टरांची एक संघटना कोर्टात गेली आणि ११ फेब्रुवारीला जजने पानं तात्पुरती परत लावायला सांगितली. तोवर लोक मिळेल ते डाउनलोड करत सुटले होते. हार्वर्डच्या लॉ लायब्ररीतल्या टीमने तर डेटा डॉट गव्ह या अमेरिकन सरकारच्या डेटा साइटवरचे ३ लाखांवर डेटासेट, सुमारे १६ टेराबाइट, कॉपी करून ठेवले. राष्ट्राध्यक्षाची मुदत संपताना सरकारी साइट्स जपून ठेवणारं 'एंड ऑफ टर्म' आर्काइव्ह तर असं काम २००८ पासून करतंच आहे.

पण नुसती फाइल वाचवून भागत नाही. कॉलमच्या डोक्यावर 'क्यू१७' लिहिलंय आणि कुठल्या कॉलमचा अर्थ काय ते सांगणारं कोडबुक हरवलंय, तर ते आकडे म्हणजे कचराच. प्रश्न नेमका काय विचारला होता, वॉर्डाच्या हद्दी कधी बदलल्या, मधल्या वर्षी मोजायची पद्धत बदलली का, हे सगळं सोबत लागतं, शिवाय कॉपीत कुणी फेरफार केला नाही हे दाखवायला चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला, फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा. डॅशबोर्डची, म्हणजे आकडे आलेखांत दाखवणाऱ्या वेबपानांची, तर वेगळीच डोकेदुखी: पान सेव्ह होतं, पण आकडे मागच्या डेटाबेसमधून येत असल्यामुळे हाती रिकामी चौकट उरते. सीएसव्हीसारखी साधी फाइल दिसायला कंटाळवाणी, पण टिकते तीच.

सगळंच उघडं टाकावं असंही नाही. छोट्या भागात एखाद्या आजाराचे दोनच पेशंट असतील तर शेजारी ओळखतील, म्हणून असे लहान आकडे झाकतात किंवा काही वर्षांचे एकत्र करतात. हे झाकणं गरजेचं आहे, मात्र गैरसोयीचे आकडे लपवायलाही हेच कारण पुढे करता येतं, म्हणून किती संख्येखाली आकडा झाकला जाईल तो नियम आधीच जाहीर असलेला बरा.

आणि कॉपी कितीही चांगली असली तरी ती घेतलेल्या दिवशीच थांबलेली असते. सर्व्हे करणारी माणसंच कमी केली, तर पुढच्या वर्षीचे आकडे कुठल्याच आर्काइव्हमध्ये सापडणार नाहीत.