आम्लांची तीव्रता

पाण्यात आम्लाचा रेणू आपला प्रोटॉन किती सहज सोडतो, यावर त्याची तीव्रता ठरते. संहती, म्हणजे द्रावणात आम्ल किती आहे, ही वेगळी गोष्ट. ग्लेशियल ॲसेटिक आम्लात पाणी जवळजवळ नसते, ते कातडी भाजते, तरी ते सौम्य आम्लच. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही विरल केले तरी तीव्रच. ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू (पीएच, जितका कमी तितके द्रावण आम्लधर्मी) १ च्या आसपास भरतो, कारण त्यातले जवळपास सगळे रेणू विचरित, म्हणजे प्रोटॉन सोडून आयनांत विभागलेले, असतात. तेवढ्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लाचा सामू २.९ येतो. तिथे शंभरातला एखाददुसराच रेणू प्रोटॉन सोडतो.

तीव्रता पीकेए या अंकाने मोजतात. अंक जितका लहान तितके आम्ल तीव्र, आणि एका अंकाचा फरक म्हणजे विचरण स्थिरांकात (विचरण किती होते ते सांगणाऱ्या संख्येत) दहापट फरक.

प्रोटॉन गेल्यावर मागे उरलेल्या आयनावर ऋणप्रभार राहतो. तो प्रभार त्याला जितका पेलवतो, तितके मूळ आम्ल तीव्र. बहुतेक उत्तरे इथेच सापडतात. इथेनॉल आणि ॲसेटिक आम्ल, दोन्हींत सुटणारा प्रोटॉन ऑक्सिजनलाच जोडलेला असतो. तरी इथेनॉलचा पीकेए सुमारे १६ आणि ॲसेटिक आम्लाचा ४.७६. इथेनॉलच्या आयनात सगळा भार एकाच ऑक्सिजनवर पडतो, ॲसेटेटमध्ये तो दोन ऑक्सिजन वाटून घेतात. आता ॲसेटिक आम्लाच्या मिथिल गटातला एक हायड्रोजन काढून क्लोरीन बसवला, की पीकेए २.८६ वर उतरतो. दोन क्लोरीन बसवले तर सुमारे १.३, तीन बसवले तर ०.७ च्या जवळ. क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे आयनावरचा भार हलका होतो. ही ओढ अंतराबरोबर झपाट्याने ओसरते. ब्युटानोइक आम्लाचा पीकेए ४.८२ आहे, क्लोरीन कार्बोक्सिल गटाच्या लगतच्या कार्बनवर असेल तर २.८६, त्यापुढच्यावर ४.०५, आणखी पुढच्यावर ४.५२.

क्लोरीनच्या ऑक्सिआम्लांतही (क्लोरीनला ऑक्सिजन जोडलेल्या आम्लांतही) तेच: ऑक्सिजन वाढत जातात तशी तीव्रता वाढते. हायपोक्लोरस आम्लाचा पीकेए ७.५ पाशी, तर परक्लोरिक आम्ल अतितीव्र.

नुसत्या विद्युतऋणतेवर, म्हणजे अणूच्या इलेक्ट्रॉन ओढण्याच्या क्षमतेवर, विसंबले तर हायड्रोफ्लोरिक आम्लापाशी फसगत होते. हायड्रोजन हॅलाइडांत (हायड्रोजनला फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन जोडलेल्या संयुगांत) फ्लोरीन सर्वाधिक विद्युतऋण, तरी हेच आम्ल सौम्य, पीकेए ३.२. कारण बंधाची ताकद: हायड्रोजन-फ्लोरीन बंध तोडायला मोलमागे सुमारे ५७० किलोज्यूल लागतात, हायड्रोजन-आयोडीनला सुमारे ३००. मात्र ‘सौम्य’ शब्दावर जाऊ नये. हे आम्ल काच खाते, म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवतात. ते कातडीतून आत शिरून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते.

हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, परक्लोरिक ही आम्ले पाण्यात सारखीच तीव्र दिसतात, कारण पाणी तिघांचेही प्रोटॉन जवळपास पूर्ण काढून घेते. ग्लेशियल ॲसेटिक आम्ल द्रावक म्हणून घेतले की परक्लोरिक पुढे निघते.

अनुमापनात (आम्ल पूर्ण उदासीन व्हायला किती आम्लारी लागते ते मोजताना) नेहमीची चूक म्हणजे सौम्य आम्लाला आम्लारी कमी लागेल असे धरणे. ०.१ मोलरचे १० मिली आम्ल, हायड्रोक्लोरिक असो वा ॲसेटिक, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १० मिलीच घेते, कारण प्रोटॉन खर्च होत जातात तसे उरलेले रेणूही विचरित होत राहतात. दर्शक, म्हणजे सामूनुसार रंग बदलणारा पदार्थ, मात्र बदलावा लागतो. ॲसेटिक आम्लाचा अंतिम बिंदू सामू ८.७ पाशी येतो. तिथे मिथिल ऑरेंज घातले तर सुमारे ३ मिलीलाच द्रावण पिवळे होऊन बसते, फिनॉल्फ्थॅलिन घ्यावे.