रायफल मस्केट : स्थितीची पारख

रायफल मस्केट ही तोंडाकडून बार ठासायची आणि टोपीने (आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाच्या छोट्या धातूच्या कॅपने) पेटणारी लष्करी बंदूक. लांबीने ती साध्या मस्केटसारखीच, पण नळीच्या आत पेचदार खाचा कोरलेल्या. मिनी गोळीचे (अशा बंदुकीत वापरायच्या शिशाच्या टोकदार गोळीचे) पोकळ बूड बार उडताच फुगून या खाचांत घट्ट बसे; त्यामुळे गोळी ठासायला सोपी असूनही नेम लांबवर टिकत असे. ब्रिटिशांची १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड (व्यास ०.५७७ इंच, नळी ३९ इंच) आणि अमेरिकेची १८६१ ची स्प्रिंगफील्ड (०.५८ इंच, ४० इंच) हे तिचे परिचित प्रकार. अशा बंदुकीची पारख म्हणजे मुख्यतः काळाने झालेली झीज आणि माणसाने नंतर केलेला फेरफार वेगवेगळे ओळखणे.

पहिले काम म्हणजे नळी रिकामी असल्याची खात्री. गज (बार ठासायची सळई) तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करावी आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. टोक निपलजवळ (नळीच्या तळाशी टोपी बसवायच्या बोंडाजवळ) पोहोचायला हवे. ते दोन-तीन इंच अलीकडेच थांबले, तर आत बार असू शकतो. बार भरून तशाच ठेवलेल्या बंदुका खरोखर सापडतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेटते. ही खात्री होईपर्यंत घोड्याला (टोपीवर आदळणाऱ्या हातोडीला) हात लावू नये.

मग नळीत बारीक दिवा सोडून पाहावे. एनफील्ड आणि स्प्रिंगफील्ड दोन्हींत तीन खाचा असतात. तळाशी खड्डे पडतात, कारण जळक्या दारूचा थर ओलावा धरतो. तोंडाशी गजाच्या घासण्याने कडा बोथटतात. नेमाला ही तोंडाची झीज जास्त मारक. मात्र गुळगुळीत नळी झिजलेलीच असते असे नाही. १८५७ च्या उठावानंतर हिंदी पलटणींना एनफील्डसारख्या दिसणाऱ्या, पण खाचा नसलेल्या बंदुका दिल्या गेल्या. अमेरिकेत यादवी युद्धानंतर कित्येक शिल्लक बंदुकांच्या नळ्या कापून, आतून खरवडून छऱ्याच्या बंदुका केल्या गेल्या. म्हणून नळी मोजावी आणि तिला धरणाऱ्या तिन्ही पट्ट्या जागेवर आहेत का, तेही पाहावे.

घोडा अर्ध्या टप्प्यावर असताना चाप दाबल्यास सुटता कामा नये. ही चाचणी घोडा अंगठ्याने धरूनच करावी.

दस्त्याचे अक्रोडी लाकूड सर्वांत जास्त सांगून जाते. मुळात ते धातूच्या किंचित वर उठलेले असे. ते धातूखाली गेले असेल, तर दस्ता पॉलिशपेपरने घासला गेला आहे, आणि तपासनिसाचे कोरीव शिक्केही पुसट झालेले असतात. हे नुकसान कधीच भरून येत नाही. दस्त्याच्या मनगटाजवळची (चापामागच्या निमुळत्या भागाजवळची) चीर आणि निपलभोवती जळून गेलेले लाकूडही तपासावे.

एनफील्डची नळी निळसर झिलईची, तर स्प्रिंगफील्डची मुळातच पांढरी चकचकीत. पांढरी एनफील्ड दिसली तर ती कधीतरी घासलेली. पण हे काम तेव्हाच्या सैनिकांनीही केलेले असू शकते, म्हणून पट्ट्यांखाली उरलेली निळाई शोधावी. बर्मिंगहॅमच्या खाजगी कारागिरांच्या एनफील्डचे भाग हाताने जुळवलेले असत. त्यांवरच्या कानशीच्या खुणा एकमेकींशी जुळल्या, तर भाग एकाच बंदुकीचे आहेत असे धरता येते.

श्रेणीसाठी अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पुरातन शस्त्रांची मोजपट्टी बरेचदा वापरतात. तिच्यात 'उत्कृष्ट' ठरायला सर्व भाग मूळचे आणि ८० टक्क्यांहून अधिक मूळ झिलई लागते. 'उत्तम'साठी ३० टक्क्यांहून अधिक झिलई पुरते. मुख्य भाग बदललेली बंदूक कितीही चमकली, तरी या दोन्ही श्रेणींत बसत नाही.