दोर कोणी ओढला, वाटा कोणी घेतला

दरवर्षी जुलैत, बाहेर धो धो पाऊस आणि वर्गात ओल्या छत्र्यांचा वास, अशात माझं पहिलं लेक्चर चार कार्डांनी सुरू व्हायचं. मालवणजवळच्या एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षं सायकॉलॉजी शिकवली, त्यातली बरीचशी वर्षं इव्होल्युशनरी सायकॉलॉजी म्हणजे उत्क्रांती मानसशास्त्र याच विषयात बुडालेली होती. हा विषय काय आहे हे सांगण्यापेक्षा करून दाखवलं की पोरांना लगेच कळतं, म्हणून तुम्हीसुद्धा आधी करून बघा.

समोर चार कार्डं आहेत, त्यांच्यावर दिसतंय अ, क, ४ आणि ७. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर आहे आणि दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम संख्या असलीच पाहिजे. आता हा नियम मोडलाय का हे बघायला नेमकी कुठली कार्डं उलटी करावी लागतील?

बहुतेक जण म्हणतात अ आणि ४. बरोबर उत्तर आहे अ आणि ७. चारच्या मागे काहीही असो, क असो नाहीतर अ असो, नियम मोडतच नाही, पण सातच्या मागे स्वर निघाला तर मोडला. पीटर वेसन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हे कोडं मांडलं, आणि अशा कोऱ्या अक्षर-आकड्यांच्या कोड्यात दहातला एकसुद्धा जेमतेम बरोबर येतो, चांगली शिकलेली माणसंही चुकतात.

मग मी फळा पुसायचो आणि तेच कोडं रापणीवर आणायचो.

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं रेतीत पाय रोवून ते ओढत आणतात. एकट्यादुकट्याचं कामच नाही ते. जाळं बाहेर आलं की मासळीचे वाटे पडतात, होडीचा, जाळ्याचा आणि दोर ओढणाऱ्यांचा. वर्गातल्या निम्म्या पोरांचे आजोबा नाहीतर काका रापणीत असायचे, त्यामुळे समजावून सांगायची गरजच नव्हती.

तर आता चार कार्डं म्हणजे चार माणसं. एका बाजूला दोर ओढला की नाही, दुसऱ्या बाजूला वाटा घेतला की नाही. आपल्याला दिसतंय 'वाटा घेतला', 'वाटा नाही घेतला', 'दोर ओढला', 'दोर नाही ओढला'. नियम काय, तर वाटा घ्यायचा असेल तर दोर ओढलेला पाहिजे. कुठली कार्डं उलटायची? अख्खा वर्ग एका सुरात सांगायचा, ज्याने वाटा घेतला तो आणि ज्याने दोर नाही ओढला तो. तर्क तोच आणि कोडंही तंतोतंत तेच, फक्त आता समोर अक्षरं नसून फुकटा माणूस आहे.

हे फक्त ओळखीच्या गोष्टीमुळे होतं का? हा प्रश्न पोरं विचारायचीच आणि तो अगदी रास्त आहे. फ्लोरिडात ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी १९८२ मध्ये बिअर आणि वयाचा नियम वापरला होता, बिअर पीत असेल तर वय १९ च्या वर पाहिजे, तिथे चारातले जवळजवळ तिघं बरोबर आले. पण तो नियम सगळ्यांना माहीतच होता ना. म्हणून लेडा कॉस्मिडेस या अमेरिकन संशोधिकेने मुद्दाम एक अनोळखी नियम घेतला, एका कल्पित बेटावर कसावाचं कंद खायचं असेल तर चेहऱ्यावर गोंदण पाहिजे, असा. १९८९ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. नियम कोणीच आधी ऐकलेला नव्हता, तरी कंद ही मिळणारी चीज आणि गोंदण ही तिची अट असं मांडल्यावर बहुतेकांनी बरोबर कार्डं निवडली, आणि तोच नियम नुसतं वर्णन म्हणून मांडला तेव्हा तीच अडचण परत आली.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हा प्रयोग आधी करून मग त्याच्यावर गोष्ट रचलेली नाही. रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच गणित मांडलं होतं की नात्यात नसलेल्या माणसांमध्ये 'आज मी तुला, उद्या तू मला' ही देवाणघेवाण टिकायची असेल तर फुकटे ओळखता आले पाहिजेत, नाहीतर फुकटेच वाढतील आणि देणारे संपतील. म्हणजे जर आपले पूर्वज हजारो पिढ्या असं वाटून खात असतील, तर त्यांच्या डोक्यात फसवणूक पकडायची खास सोय असायला हवी. आधी अंदाज, मग तपास. उत्क्रांती मानसशास्त्र चांगलं केलं तर असं असतं.

आणखी एक गंमत आहे. गिगरेन्झर आणि हुग यांनी १९९२ मध्ये दाखवलं की नियम तोच ठेवून फक्त तुम्ही कोणाच्या बाजूने बघताय हे बदललं तरी निवडलेली कार्डं बदलतात. त्यांनी मालक आणि कामगार घेतले होते, मी वर्गात रापणीचा मुख्य आणि दोर ओढणारा घ्यायचो. नियम, जो दोर ओढेल त्याला वाटा मिळेल. अर्ध्या वर्गाला सांगायचं तुम्ही दोर ओढणारे, ते लगेच 'दोर ओढला' आणि 'वाटा नाही मिळाला' ही कार्डं मागायचे. उरलेल्यांना सांगायचं रापण तुमची, ते मागायचे 'दोर नाही ओढला' आणि 'वाटा घेतला'. पुस्तकी तर्काने या दुसऱ्या गटाचं उत्तर चूक आहे बरं का, नियम तसं म्हणतच नाही. पण माणसाच्या डोक्याला आपण फसवले जातोय का हे बघायचं असतं, तर्काचा पेपर सोडवायचा नसतो.

मग एका वर्षी आचऱ्याकडची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, पण आमच्या वाडीत एक म्हातारी असा, ती दोर ओढणा नाय, तरी तिका वाटो गावता. मगे ती चोर काय?" मी उत्तर द्यायच्या आतच मागून कोणीतरी म्हणालं, "अगो, तिच्यान जमणा नाय म्हणान देतत, ती काय फसवणा नाय."

मी त्या दिवशी घरी जाताना हेच डोक्यात घोळवत होतो. वाटा घेतला आणि दोर ओढला नाही, कार्डाच्या हिशोबाने म्हातारी फुकटीच, पण वाडीतलं एकही माणूस तिला फुकटी म्हणणार नाही. म्हणजे नुसता हिशोब पुरत नाही, मुद्दाम केलंय का हे पण बघितलं जातं. काही वर्षांनी २०१० मध्ये कॉस्मिडेस, बॅरेट आणि टूबी यांचा पेपर आला, त्यात नेमकं हेच तपासलेलं होतं, की नियम चुकून मोडला गेला असेल, किंवा मोडून काही फायदाच होत नसेल, तर माणसं तितक्या नेमकेपणाने पकडत नाहीत. तो पेपर मी वर्गात वाचून दाखवला तेव्हा ती मुलगी पास होऊन गेलेली होती याचं मला आजही वाईट वाटतं, कारण प्रश्न तिचा होता.

याचा अर्थ वाद मिटला असं नाही. स्पर्बर, कारा आणि जिरोत्तो यांनी १९९५ मध्ये म्हटलं की यात फसवणूक पकडणारी खास यंत्रणा वगैरे काही नाही, वाक्य कसं मांडलंय त्यावरून माणूस काय महत्त्वाचं ते ठरवतो आणि तेवढ्याने हे निकाल समजतात. मला स्वतःला कॉस्मिडेसची बाजू जास्त पटते, पण मी दोन्ही बाजू शिकवायचो, आणि परीक्षेत दुसरी बाजू चांगली मांडणाऱ्याला मुद्दाम जास्त मार्क द्यायचो.

कारण या विषयाचा खरा धोका गोष्टी रचण्यात आहे. माणसाची कुठलीही सवय घ्या, गुहेतल्या माणसाची एक कथा तिला जोडा, झालं शास्त्र. गूल्ड आणि लेवोंटिन या जीवशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच यावर कडक टीका केली होती आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याने वाचली पाहिजे. माझ्याकडूनही ही चूक झालेली आहे. सुरुवातीला मी वर्गात ठामपणे सांगायचो की सापाची भीती जन्मजात असते. फुरशांच्या मुलखात कोणीही मान डोलावणार, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, दगड उचलायचा तर आधी काठीने ढोसून बघायचं हे इथल्या पोराला चालायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. पण कुक आणि मिनेका यांचा १९८९ चा माकडांवरचा प्रयोग नीट वाचला आणि माझं वाक्य मोडलं. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरतच नव्हती. मात्र दुसरं माकड सापाला घाबरतंय असा व्हिडीओ दाखवला की पटकन घाबरायला शिकायची, आणि एडिटिंग करून तेच माकड फुलांना घाबरतंय असं दाखवलं तर फुलांना घाबरायला शिकायची नाहीत. म्हणजे भीती आयती येत नाही, ती शिकायची तयारी आयती येते, आणि ती सुद्धा ठरावीक गोष्टींसाठीच. हा फरक छोटा वाटतो पण सगळा विषय त्याच्यावर उभा आहे. पुढच्याच लेक्चरला मी आधीचं विधान मागे घेतलं.

लग्नाचा प्रश्न तर दरवर्षी यायचा. डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये ३७ ठिकाणच्या दहा हजारांवर माणसांना जोडीदारात काय हवं ते विचारलं, त्यात भारतसुद्धा होता. बायकांनी कमाईला जास्त महत्त्व दिलं, पुरुषांनी वयाला आणि रूपाला, आणि हे थोड्याफार फरकाने जवळपास सगळीकडे दिसलं. पुढे ईगली आणि वुड यांनी १९९९ मध्ये त्याच आकड्यांकडे वेगळ्या बाजूने बघून दाखवलं की जिथे स्त्री-पुरुष जास्त समान तिथे काही फरक कमी होतात. हे शिकवलं की कोणीतरी मुलगा म्हणणारच, मग हे नैसर्गिकच आहे ना सर, बायोडेटात 'गोरी, सडपातळ' लिहिलं तर काय बिघडलं. तिथे मी थांबायचो, सिलॅबस बाजूला ठेवायचो आणि अख्खा तास त्याच्यावर घालवायचो. गोड खायची ओढ पण जुनीच आहे, म्हणून डायबेटिस झालेल्याला आपण मोदक वाढत नाही. एखादी गोष्ट कशी आली हे सांगणं म्हणजे ती असावी असं म्हणणं नव्हे. मुली हे ऐकताना वहीत बघायच्या नाहीत, सरळ माझ्याकडे बघायच्या, आणि त्यांच्यातल्या किती जणींच्या घरी त्याच वर्षी स्थळं बघणं चालू असायचं हे मला माहीत होतं.

चेहऱ्यांचं पण एक सांगायचं राहिलं. १९९६ मध्ये लिंडा मीली आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की फसवणाऱ्या माणसाचे चेहरे आपल्या जास्त लक्षात राहतात. ऐकायला किती बरोबर वाटतं. पण पुढे इतरांनी तपासलं तेव्हा ते तसं निघालं नाही. मग बुखनर आणि त्यांच्या सोबत्यांनी २००९ मध्ये दाखवलं की चेहरा ओळखण्यात फरक पडत नाही, पण ओळखलेल्या चेहऱ्याने काय केलं होतं, तो फसवणारा होता, हे मात्र जास्त चांगलं लक्षात राहतं.

रिटायर व्हायच्या वर्षी मी रापणीतल्या एका म्हाताऱ्या तांडेलाकडे, म्हणजे होडीच्या म्होरक्याकडे, बसलो होतो, ऐंशीच्या पुढचा माणूस, डोळ्याला कमी दिसायचं. बोलता बोलता चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका गड्याची गोष्ट निघाली. मी सहज विचारलं, दिसायला कसा होता तो? म्हातारा बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तेचा तोंड माका आता आठवणा नाय. पण तेणी अर्ध्यार दोर सोडल्यान आणि वाट्याक पुढे इलो, ता आठवता."